खोलीत दुसरं कोणी नको

परीक्षा घरीच आहे, हे पुष्पावती अक्कांना काही केल्या पटत नव्हतं.

“घरीच म्हणजे?” जिन्याच्या तळाशी माझ्या ध्रुवला कडेवर घेऊन त्या मला विचारत होत्या. “पेपर कोण आणून देणार? पोस्टमन?”

“कंप्युटरवर येतो, अक्का. मी इथे बसून लिहायचं आणि तिकडून कोणीतरी कॅमेऱ्यातून माझ्यावर नजर ठेवायची.”

“कोण?”

“ते सांगत नाहीत.”

“अय्यो! कोण कुठला माणूस तीन तास तुझ्या तोंडाकडं बघत बसणार, आन् त्याचं नाव बी सांगणार नाहीत? मल्हारला चालतंय हे?”

“मल्हारला विचारलंच नाही.”

“ते बरं केलीस,” म्हणून त्या हसल्या, आणि त्यांचं बघून ध्रुवही हसला. कशाला हसायचं ते त्याला अजून कळत नाही. समोरचं माणूस हसलं की तो हसतो.

अक्का आमच्या घरमालकीण. राजाजीनगरातल्या या घरात खाली त्या एकट्या राहतात आणि वर आम्ही तिघं भाडेकरू. त्यांच्या सासरची माणसं मराठी, पण कैक पिढ्यांपासून इथलीच. कापडाचं दुकान होतं, ते यजमानांबरोबर संपलं. मुलगा-सून के. आर. पुरमला असतात, रविवारी येऊन जातात. अक्कांचं सगळं शिक्षण, सगळा बाजार कन्नडमध्ये. मराठी फक्त स्वयंपाकघरात वाढलेलं. मी पुण्याची. पहिल्यांदा ते मराठी ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना. आता माझा नवरा मल्हार सकाळी मेट्रोने व्हाइटफील्डला जातो तो ध्रुव झोपल्यावर परततो, आणि मधल्या अख्ख्या दिवसात माझ्याशी बोलणारं तेवढं एकच मराठी असतं.

मी विम्याचं गणित शिकते. कोणत्या वयाची किती माणसं आणखी किती जगतील याचा अंदाज बांधायचा आणि त्यावर विमा कंपनीने आज किती पैसे बाजूला ठेवावेत ते काढायचं. लग्नाआधीपासून एकेक पेपर देत आले होते, हा शेवटचा. ध्रुवच्या वेळी नोकरी सोडली तेव्हा माझी वरिष्ठ शिल्पाश्री म्हणाली होती, “हा पेपर काढ, तुझी जागा मी धरून ठेवते. पण नव्या वर्षापर्यंतच हं, मैत्रेयी. त्यापुढे माझ्या हातात नाही.”

त्या जागेचा पगार बरा होता. पण मला आठवायचा तो दुपारी डबे उघडल्यावरचा कलकलाट. कोण कोणाची भाजी पळवतंय, कोणाच्या सासूने काय पाठवलंय. एक वाक्य सुरू करून ते शेवटपर्यंत बोलता येईल, मधे कोणी रडणार नाही, एवढं मला पुरलं असतं.

परीक्षा देणाऱ्यांचा फोनवर एक ग्रुप होता. तिथे अभ्यासाबद्दल कोणी काही विचारत नसे. सगळ्यांना भीती कॅमेऱ्याची. एकाचा पेपर म्हणे विचार करताना वर छताकडे बघितलं म्हणून थांबवला. एकीच्या शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, तर खोलीत कोण आहे म्हणून विचारलं. वीज गेली तर? नेट गेलं तर? शिंक आली आणि तोंड चौकटीबाहेर गेलं तर? मला आकडेमोड करताना ओठ हलवायची सवय. ती जावी म्हणून मी ओठांत पेन्सिल धरून जुने पेपर सोडवत होते. ध्रुवला हा खेळ वाटायचा. तो मांडीवर चढून ती पेन्सिल काढून घ्यायचा.

सगळ्यात पहिला नियम होता, खोलीत दुसरं कोणी नको. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लक्ष्मी होती, तीसुद्धा काढली. कारण ग्रुपवर एकाने लिहिलं होतं की त्या यंत्राला चेहरा दिसला की ते चेहरा मोजतं, मग तो माणसाचा असो की देवाचा.

परीक्षेच्या दिवशी मल्हारने सुट्टी घेतली होती. ध्रुवला पाजून, ढेकर काढून मी त्याच्या हातात दिलं.

“खाली अक्कांकडे बस. दूध त्यांच्या फ्रिजमध्ये ठेवलंय. बाटली तोंडाला लावली की आधी तोंड फिरवेल, मग दोन मिनिटांनी परत लाव. बाहेरचं दार नुसतं लोटून ठेव, काही लागलं तर बेल वाजवू नकोस. आणि खोलीत तर—”

“नाही येत गं, बाई. आग लागली तरी नाही येत.” त्याने ध्रुवचा हात धरून हलवला. “आईला ऑल द बेस्ट म्हण.”

खोलीचं दार पावसाळ्यात फुगलेलं, कडी लागत नव्हती. लोटून घेतलं आणि बसले.

पडद्यावर इंग्रजीत अक्षरं उमटू लागली. खोली दाखवा. मी फोन धरून चारी भिंती दाखवल्या. पलंगाखाली दाखवा. पलंगाखाली ध्रुवचा एक मोजा होता. केस मागे घ्या, कान दाखवा. मी कान दाखवले. मंगळसूत्र उचलून दाखवा, त्यात काही नाही ना? ते दाखवलं. शेवटी लिहून आलं, ‘धन्यवाद. आता सुरू करू शकता.’ आणि मला उगीचच बरं वाटलं. किती महिन्यांनी कोणीतरी मला नीट निरखून बघितलं होतं.

पेपर चांगला होता. पहिला प्रश्न सुटला, दुसरा सुटला. ओठ हलत नव्हते. खोली इतकी शांत की मला माझा श्वास ऐकू येत होता. अशीच शांतता मी रोज देवाकडे मागत होते. ती मिळाल्यावर मात्र, जत्रेत हात सुटल्यावर वाटतं तसं काहीतरी वाटत राहिलं. खाली ध्रुव रडत नव्हता. मी कान देऊन ऐकत होते आणि तो रडत नव्हता.

तिसऱ्या प्रश्नात एका चाळिशीच्या बाईचा विमा होता. सगळे आकडे मांडून झाले होते, शेवटची बेरीज टाइप करत होते, तेवढ्यात मागे अक्कांच्या बांगड्या वाजल्या. मी मान वळवली नाही. उजव्या बाजूने एक हात आला, त्यात चांदीचा चमचा.

“हात मोकळा नाही तुझा? असू दे. आ कर.”

मी आ केला.

गार दही, त्यात साखर अजून विरघळलेली नव्हती, दाताखाली आली.

“आन् एक. स्वल्प.”

मी परत आ केला.

“सकाळपासनं पोटात काय गेलंय का तुझ्या? तोंड बघ कसं झालंय.” पदराच्या टोकाने त्यांनी माझ्या ओठाचा कोपरा पुसला. “सरी, लिही आता. लिही.”

बांगड्या दाराकडे गेल्या. पडदा करडा झाला. ‘परीक्षा थांबवण्यात आली आहे. जागेवरून उठू नका.’

नंतर मल्हारकडून कळलं ते असं. अक्का सकाळपासून वाटी भरून जिन्याखाली उभ्या होत्या. परीक्षा घरीच आहे हे त्यांनी ऐकलं होतं, पण खरं मानलं नव्हतं. परीक्षेला जाणारं माणूस उंबरा ओलांडून जाणारच, तेव्हा त्याच्या हातावर दही-साखर ठेवायची. बराच वेळ मी खाली आले नाही म्हणून त्यांनी मल्हारला विचारलं, “कधी निघणार ती?” तो ध्रुवला खांद्यावर टाकून ऑफिसच्या फोनवर बोलत होता. त्याने फोनवर हात ठेवून सांगितलं, “सुरू झाली, अक्का.” मग त्याने पाठ फिरवली आणि अक्कांनी जिना धरला. सुरू झाली असली तरी संपली तर नव्हती.

मला पुन्हा चारी भिंती दाखवायला लावल्या, पुन्हा कान दाखवायला लावले आणि उरलेला पेपर लिहू दिला. तो मी लिहिलाही. पण खाली तांबडी ओळ राहिली. प्रकरण पुढे पाठवले आहे.

त्या संध्याकाळी अक्कांनी विचारलं, “कशी गेली?”

“चांगली गेली.”

“जाणारच,” त्या म्हणाल्या, आणि ध्रुवच्या गालाला हात लावून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली.

सगळ्यांचे निकाल लागले, माझा राखून ठेवला. मग चौकशीचा दिवस कळवणारा मेल आला. तीही कॅमेऱ्यावरच.

“सिंपल आहे,” मल्हार म्हणाला. तो जेवत होता, मी त्याच्यासमोर बसले होते. “तू म्हण, मला काही कल्पना नव्हती. शेजारची बाई न विचारता आत आली. फुल स्टॉप. खरंच आहे ना ते?”

“शेजारची बाई?”

“मग काय म्हणणार? अक्का? त्यांना काय कळणार अक्का म्हणजे? बहीण म्हणतील.”

“आणि दही?”

“दह्याचं नावच काढू नकोस ना, मैत्रेयी. रिलिजस प्रॅक्टिस म्हण. कोणी पुढे विचारत नाही.”

मी ते वाक्य पाठ केलं. ध्रुवला आंघोळ घालताना म्हटलं, भाजी चिरताना म्हटलं. कुकर लावताना तोंडात तेच होतं. इंग्रजीत ते किती छोटं आणि स्वच्छ वाटत होतं.

चौकशीला गिरीराज नावाचे गृहस्थ होते. साधारण माझ्या वडिलांच्या वयाचे, थकलेल्या डोळ्यांचे. त्यांनी आधी माझ्या बाळाची चौकशी केली. मग इंग्रजीत म्हणाले, “आपण रेकॉर्डिंग एकदा बरोबर बघू. त्या बाई काय बोलतात ते आमच्याकडे कोणाला कळलेलं नाही. तुम्ही एकेक वाक्य सांगा. उत्तर सांगत नव्हत्या, एवढीच खात्री करायची आहे.”

आणि माझं तोंड पडद्यावर आलं.

स्वतःला असं मी कधीच बघितलं नव्हतं. खांदे वर चढलेले, डोळ्यांखाली काळं, ओठ घट्ट मिटलेले. मग मागून निळं लुगडं, चमचा. आणि त्या बाईने, म्हणजे मी, नजर पडद्यावरून न हलवता आ केला. अगदी ध्रुव करतो तसा. समोर कोण आहे, चमच्यात काय आहे, काही न बघता. आणि घास आत गेल्यावर डोळे मिटले. ते मिटले होते हे मला माहीतच नव्हतं.

“इथे काय म्हणाल्या?” गिरीराजांनी थांबवून विचारलं.

“म्हणाल्या, तुझा हात मोकळा नाही, तर तोंड उघड.”

“आणि इथे?”

“आणखी एक. थोडंसं.”

“हे लांबलचक वाक्य?”

“सकाळपासून काही खाल्लंस का, म्हणून विचारत होत्या.” “म्हणाल्या, तोंड उतरलंय.”

त्यांनी ते लिहून घेतलं. सगळं. मला वाटलं, आता कुठल्यातरी फाइलीत माझं तोंड उतरल्याची नोंद राहणार.

“एक अडचण आहे,” ते म्हणाले. “ज्यांनी त्या दिवशी नजर ठेवली होती त्यांनी लिहिलंय की तुम्ही दचकला नाहीत. मागून कोणी आलं तर माणूस वळून बघतं. तुम्ही बघितलं नाहीत. म्हणजे त्या येणार हे तुम्हाला माहीत होतं?”

“नाही. माहीत नव्हतं.”

“मग त्या तुमच्या परवानगीशिवाय आल्या?” ते माझ्या मदतीला आल्यासारखं हळू बोलू लागले. “हे बघा, तसं असेल तर सोपं आहे. तुमचा पेपर ग्राह्य धरला जाईल. फक्त तसं लिहून द्यावं लागेल, त्या बाईंच्या सहीने. की मी उमेदवाराच्या परवानगीशिवाय खोलीत घुसले. एवढंच.”

एवढंच. अक्का सही कन्नडमध्ये करतात, एकेक अक्षर गोल काढत. कागद कसला आहे हेही त्यांनी मला विचारलं नसतं. “कुठं करू?” म्हणाल्या असत्या, आणि चष्मा शोधला असता. सही झाल्यावर कागद डोळ्यांना लावून माझ्या हातात दिला असता, काम होऊ दे म्हणून.

पाठ केलेलं वाक्य जिभेवर होतं. शेजारची बाई. न विचारता.

“परवानगी मी दिली होती,” मी म्हटलं.

“पण तुम्ही आत्ताच म्हणालात, येणार हे माहीत नव्हतं.”

“येणार ते माहीत नव्हतं. आल्या ते कळलं. त्यांच्या बांगड्या वाजतात.”

“मग तुम्ही थांबवायला हवं होतं. नुसता हात वर केला असता तरी चाललं असतं.”

“हो.”

“का नाही केलात?”

याचं इंग्रजी माझ्याजवळ नव्हतं. मराठीही नव्हतं. दिवसभर मी एकाला आ कर, आ कर म्हणत असते. मला कोणी म्हणेल असं वाटलंच नव्हतं. हे त्या थकलेल्या माणसाला कसं सांगायचं?

“मला ते हवं होतं, सर,” मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. “मला जे ऐकलं ते लिहावं लागेल,” ते म्हणाले.

“लिहा.”

आठवड्याच्या आत कळलं. फसवणुकीचा ठपका नाही, पण बाहेरच्या व्यक्तीला संमती दिल्यामुळे पेपर रद्द. पुढच्या खेपेला पुन्हा बसता येईल. पुढची खेप म्हणजे उन्हाळा. शिल्पाश्रीला मीच फोन केला. ती एवढंच म्हणाली, “बाळ कसं आहे?” त्यावरून समजले.

मल्हार चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. “एका सहीचा प्रश्न होता,” एवढंच म्हणाला, आणि ताट उचलून आत गेला. आतून नळ सोडल्याचा आवाज आला. मग पुन्हा म्हणाला, माझ्याशी की भांड्यांशी कोण जाणे, “त्यांना कळलंही नसतं.”

“मला कळलं असतं,” मी म्हटलं. नळ चालू होता.

अक्कांना काय सांगायचं, हे मात्र मी ठरवलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ध्रुवला घेऊन खाली गेले तर त्या ओट्यापाशी अवरेकाळू सोलत होत्या. थंडीत बाजारात येणारे ते वालाचे दाणे. घरभर हिरवट वास सुटला होता. मी पाट ओढून बसले आणि सोलायला घेतले. ध्रुव एकेक शेंग उचलून लांब फेकत होता.

“निकाल काय झाला गं? सगळ्यांचं लागलं म्हणं, मल्हार बोलला.”

“पास नाही झाले, अक्का.”

त्यांचा हात थांबला. “नाही झालीस?”

“परत द्यायची. उन्हाळ्यात.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कुठे काय राहिलं, ते शोधत असल्यासारखं. क्षणभर वाटलं, आता विचारतील आणि मला खोटं बोलता येणार नाही. पण त्यांनी स्वतःच उत्तर शोधलं होतं.

“अभ्यास कमी पडला,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“पडणारच की! हे पोर तुला सोडतंय कुठं? आन् तू तरी? जरा वेळ मिळाला की येऊन बसतीस माझ्यापाशी. गप्पा हाणत. मी बी खुळी, तुला बसवून घेतंय.” त्यांनी माझ्या हातातली शेंग काढून घेतली. “चूक माझीच आहे.”

“तुमची काही चूक नाही, अक्का.” हे मी इतक्या जोरात म्हटलं की ध्रुव दचकून बघू लागला.

“आहे. मी वडील माणूस, मला कळायला नको?” त्या उठल्या, ध्रुवला उचलून कमरेवर बसवलं. “आजपासनं दुपारी ह्याला मी बघते. दूध ठेवून जा. तू वर बसायचं, दार लावून. मी हाक मारेपर्यंत खाली यायचं नाही. मी बी वर येणार नाही, बघ. जिन्याला पाय लावणार नाही.”

“अक्का, एवढं नको. मी सोलत सोलत इथेच—”

“ऊठ.”

“थोडा वेळ तरी. एवढ्या शेंगा होऊ देत.”

“शेंगा मी बघते. लग्नाच्या आधीपासनं सोलते मी.” त्यांनी मला पाटावरून हाताला धरून उठवलंच. दारापर्यंत पोचवलं. ध्रुव त्यांच्या कमरेवरून माझ्याकडे हात करेल म्हणून मी थांबले, पण तो त्यांच्या बांगड्या मोजत होता, आपल्या पद्धतीने, एकेक वाजवून.

“जा,” अक्का म्हणाल्या. “परत नापास होशील.”

मी जिना चढून वर आले. दार लोटलं. टेबलापाशी बसून पुस्तक उघडलं, चाळिशीच्या त्या बाईचं पान काढलं. खाली अक्का त्याला काहीतरी सांगत होत्या. शब्द कळत नव्हते, नुसता सूर येत होता. मग तो मोठ्याने हसला. मी ओठ हलवत आकडे मांडायला लागले.